क्षमा तेवढी राहून गेली

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या गावच्या पंचमंडळाचे प्रमुख मिस्टर वाइल्डर, व्यासपीठावरचे आदरणीय रेव्हरंड लेथ्रॉप, सत्कारमूर्ती आणि चर्चचे कारभारी डीकन अल्फियस क्रॉवेल, त्यांच्या सुविद्य पत्नी मिसेस क्रॉवेल, संस्थापक दिन समितीचे सर्व सभासद, आणि पुढ्यातले बीन्स थंड होत असतानाही माझ्याकडे तोंड करून बसलेल्या ब्रॅकनहॅमच्या सभ्य स्त्री-पुरुषहो,

गेल्या महिन्यातला शनिवार, तेरा ऑक्टोबर एकोणीसशे छप्पन्न. सकाळचे अकरा वाजून वीस मिनिटं.

तारीख आणि वेळ आधी सांगून टाकते. एकोणतीस वर्षं मी या गावच्या कचेरीत जन्म, मृत्यू, लग्नं आणि कुत्र्यांचे परवाने लिहिले. त्यातून एवढंच शिकले की तारखेशिवाय सांगितलेली गोष्ट ही चहाडी असते, आणि तारीख घातली की तीच गोष्ट नोंद होते. वेळ मी चर्चच्या घड्याळात पाहिली. ते घड्याळ चार मिनिटं पुढे चालतं हे सगळ्यांना माहीत आहे. ती चार मिनिटं मी वजा केली आहेत.

आता सत्काराकडे वळते. मिस्टर वाइल्डर, घाबरू नका, मी वळते आहे.

डीकन क्रॉवेल यांनी पंचवीस वर्षं संस्थापक दिन समितीचं अध्यक्षपद भूषवलं. पंचवीस वर्षांत एकदाही त्या दिवशी पाऊस पडला नाही, आणि त्याचं श्रेय त्यांनी नम्रपणे परमेश्वराला दिलं. त्यांच्या लोखंडी सामानाच्या दुकानात मागितलेला खिळा मिळाला नाही असं कधी झालं नाही. त्यांनी दारूला स्पर्श केला नाही, पत्त्यांना केला नाही, आणि माझ्या अंदाजाने गेली दहा वर्षं स्वतःच्या मताला धक्काही लागू दिला नाही. आज समिती त्यांना एक डुलती खुर्ची भेट देते आहे. योग्यच आहे. पंचवीस वर्षं दुसऱ्यांना उभं केल्यावर माणूस कधीतरी बसणारच.

हसलात. बरं झालं. पुढे फारशी संधी नाही.

आपला संस्थापक दिनाचा खेळ या सभागृहातल्या प्रत्येकाने पाहिलेला आहे. गावच्या मैदानात लाकडी चौथरा उभा राहतो. चौथऱ्यावर पांढरी चादर गुंडाळलेली 'पापिणी' उभी राहते. काळा झगा घातलेले डीकन न्यायाधीश होतात आणि कागदावरून वाचतात, "बाई अमुकतमुक, या गावासमोर त्या पुरुषाचं नाव सांग!" गेली अठरा वर्षं ही पापिणी म्हणजे आपला न्हावी ओटिस. त्याने मिशी कधी काढली नाही. "व्यवसायाची जाहिरात आहे," म्हणायचा. आणि दरवर्षी तो त्या मिशीखालून बारीक आवाजात उत्तर द्यायचा, "इश्श, तुमचंच की हो, डीकन!" मैदान खो खो हसायचं, मिसेस क्रॉवेल ॲपल पाय कापायला घ्यायच्या, आणि आपले पूर्वज किती कडक होते याचं कौतुक करत आपण सगळे पोटभर खायचो.

यंदा ओटिसचं हर्नियाचं ऑपरेशन झालं. गावाचा इतिहास कशावर अडतो पाहा.

दोन ऑक्टोबरला याच सभागृहामागच्या खोलीत समितीची बैठक झाली. मी कोपऱ्यात बसून चादर शिवत होते, कारण गेल्या वर्षी ओटिस ॲपल पाय खाताना तिच्यावरच बसला आणि ती टर्रकन फाटली. डीकन म्हणाले, "केझायाला बोलवा."

केझाया होल्कम कोण, हे तुम्हाला सांगायला हवं का? या सभागृहाच्या तळघरात समिती जी बालवाडी चालवते, तिथे ती चार वर्षं शिकवते. सभागृहाच्या माडीवर समितीच्याच खोलीत राहते. आई-वडील नाहीत. चोवीस वर्षांची आहे. तुमची मुलं बुटाची नाडी बांधायला तिच्याकडे शिकली, आणि नाक बाहीला पुसू नये हेही, जे काहींना त्यांच्या वडिलांकडून शिकता येणं शक्य नव्हतं. त्या दिवशी केझायाचा सहावा महिना सरत आला होता. बोटात अंगठी नव्हती.

ती आली, दारातच उभी राहिली. तेव्हा जे बोलणं झालं ते मी शब्दशः सांगते. डीकन, कुठे चुकलं तर टोका.

डीकन म्हणाले, "पोरी, गावात चर्चा चालू आहे. ती मला थांबवता येईल."

"कशी?"

"खेळात ओटिसच्या जागी उभी राहा. तासभर. हसत-खेळत होऊन जाईल. लोकांचं एकदा हसून झालं की विषय संपतो. मग बालवाडी तुझी, खोली तुझी. माझा शब्द आहे."

"आणि नाही राहिले तर?"

"तर समितीला विचार करावा लागेल."

समितीला विचार करावा लागणं ही किती गंभीर गोष्ट आहे हे मला पंचवीस वर्षांच्या अनुभवाने ठाऊक होतं. केझायाने माझ्याकडे पाहिलं. "मिस क्विनलन, तुम्ही काय म्हणता?"

माझ्या तोंडात टाचण्या होत्या. त्या मी एकेक करून काढल्या. तेवढ्या वेळात शहाण्या बाईने विचार केला असता. मी म्हणाले, "राहा गं उभी. ओटिस अठरा वर्षं राहतोय, त्याचं काय वाकडं झालं?"

हे वाक्य माझं आहे. ते कुणी दुसऱ्याच्या नावावर टाकू नये.

तेरा तारखेला सकाळी चादर तिला मीच गुंडाळली. पोटापाशी एक जादा चुणी घेऊन टाचणी लावत होते. तिने माझा हात बाजूला केला. "राहू द्या, बाई. सगळ्यांना माहीत आहे. लपवलं तर वाटेल, मलाच माहीत नाही."

पावणेअकराला ती चौथऱ्यावर चढली. पहिला अर्धा तास ठीक गेला. बालवाडीतली मुलं पुढे बसली होती. एक चिमुरडी ओरडली, "मिस होल्कम, तुम्ही भूत झालात का?" केझायाने चादरीतून हात हलवून तिला भीती दाखवली. लोक हसले. मीही हसले. म्हटलं, बघा, होतंय की निभावून.

अकरा वीसला डीकन पुढे आले. खिशातला कागद काढला. उघडला. पाहिला. परत घडी करून खिशात ठेवला. चष्मा काढला. आणि म्हणाले, "केझाया होल्कम, या गावासमोर त्या पुरुषाचं नाव सांग."

बाई अमुकतमुक नव्हे. केझाया होल्कम.

मैदानातल्या चारशे माणसांपैकी कुणीच हसलं नाही. केझाया शांतपणे म्हणाली, "हे खेळात नव्हतं, डीकन."

"देवासमोर खेळ नसतो," डीकन म्हणाले. मग त्यांनी दुसऱ्यांदा विचारलं, तिसऱ्यांदा विचारलं. मागून एका बाईचा आवाज आला, "सांग की गं, तोंड शिवलंय का?" तो आवाज कुणाचा हे मला माहीत आहे. ती बाई आज तपकिरी टोपी घालून आली आहे. आता ती काढून मांडीवर घेऊन उपयोग नाही.

केझायाने तोंड उघडलं नाही. तास पूर्ण होईपर्यंत ती उभी राहिली, कारण ठरलं होतं तासभर. मग खाली उतरली, चादरीची नीट घडी केली आणि माझ्या हातात दिली. "खालच्या कडेला माती लागली आहे, बाई. धुवावी लागेल." मी तिला म्हणाले, "केझाया..." ती म्हणाली, "मी उभी होते तेव्हा तुम्ही कुठे बघत होतात?"

मी खरं सांगितलं. चादरीच्या टाक्यांकडे बघत होते.

आणि सोमवारी, पंधरा तारखेला, तिला समितीचं पत्र आलं. त्यातलं एकच वाक्य वाचते. "चारचौघांत झालेल्या प्रदर्शनानंतर लहान मुलांच्या वर्गावर आपली नेमणूक चालू ठेवणे समितीस उचित वाटत नाही." प्रदर्शन! कुणी भरवलं होतं ते? खोली तीस नोव्हेंबरपर्यंत रिकामी करायची आहे. सोबत, समितीच्या दयाळूपणाचा पुरावा म्हणून, बोस्टनमधल्या एका आश्रमाचा पत्ता जोडला आहे. तिथे अशा मुलींची सोय होते. बाळंतपणानंतर तिसऱ्या दिवशी बाळ उचलून दुसऱ्या कुटुंबाला देतात, आणि मुलीला घरी पाठवतात. घर असेल तर.

केझायाला ते बाळ हवं आहे. माझ्या स्वयंपाकघरात बसून तिने हे मला सांगितलं, रडत नव्हे, बटाटे सोलत. "मला चार वर्षं दुसऱ्यांची पोरं सांभाळता आली, बाई. एक माझं नाही सांभाळता येणार?" तिची नोकरी गेली की खोली गेली, खोली गेली की बोस्टन, आणि बोस्टन म्हणजे तिसरा दिवस. इतका सरळ हिशेब आहे. त्याला धर्मशास्त्र लागत नाही.

धर्मशास्त्रावरून आठवलं. तुम्हाला माहीत आहे, मी तुमच्यातली नाही. मी आयरिश, कॉन्व्हेंटमध्ये नन्सच्या हाताखाली वाढलेली, आणि या गावाने मला एकोणतीस वर्षं दप्तर सांभाळायला दिलं ते केवळ माझं अक्षर चांगलं म्हणून. आमच्यात पाप लाकडी खोक्यात, जाळीआड, अंधारात सांगतात. पलीकडे बहुधा कमी ऐकू येणारा फादर असतो. आमच्या सिस्टर परपेच्युआ म्हणायच्या, "सांगून झालं की दार उघडून बाहेर या. आत खुर्ची टाकून बसू नका." मला वाटायचं, तुमच्या पूर्वजांना हे दार माहीतच नव्हतं. चौकात उभं करायचं, थुंकायचं, संपलं. म्हणून त्यांना चार शब्द सुनवावेत या शुद्ध हेतूने मी रेव्हरंड लेथ्रॉप यांच्याकडे चर्चची जुनी वही मागितली.

रेव्हरंड म्हणाले, "मिस क्विनलन, तुम्ही कॅथलिक. आमच्या वहीत तुम्हाला काय मिळणार?"

मी म्हणाले, "बहुतेक तुम्हीच."

आणि मिळालात. सगळेच मिळालात. चर्चचा जुना नियम असा, की लग्नानंतर सात महिन्यांच्या आत मूल झालं, तर नवरा-बायको दोघांनी रविवारी सगळ्या मंडळींसमोर उभं राहून कबुली द्यायची. त्याशिवाय बाळाचा बाप्तिस्मा होणार नाही. दोघांनी, बरं का. सतराशे एकवीस सालात या गावात बाप्तिस्मे अकरा, कबुल्या सात. सतराशे बावीसच्या मार्चमध्ये बार्नबस क्रॉवेल आणि त्याची पत्नी. सतराशे चोवीसमध्ये पुन्हा त्याचा धाकटा भाऊ. मिसेस क्रॉवेल, आपण उठू नका. पुढच्याच पानावर आपलं माहेर आहे.

मिस्टर वाइल्डर, घंटी वाजवू नका. ती जेवणाची घंटी आहे, लोक उठतील.

मी कुणाची लाज काढत नाही. उलट मला तुमचे पूर्वज पहिल्यांदाच माणसं वाटले. थंडी कडाक्याची, घरं लहान, अंथरुणं कमी. पण वही वाचता वाचता मी ज्या पानावर थांबले ते सोळाशे चौऱ्याऐंशीचं. आपला खेळ ज्या बाईवर बेतला आहे, त्या हेप्झिबा लॉची ती नोंद. आपल्या खेळात ती तासभर उभी राहते आणि पडदा पडतो. वहीत पडदा पडत नाही. ऐका: "तिने मंडळींसमोर उभे राहून आपला दोष मान्य केला. मंडळींनी हात वर करून तिला प्रेमाने परत घेतले. देवळातली तिची बैठक तिला त्याच दिवशी परत दिली. यापुढे जो कोणी तिला या गोष्टीवरून टोमणा मारील, त्याने स्वतः उभे राहावे." आणि तीन आठवड्यांनी खरोखरच एक गृहस्थ उभा राहिला आहे. विहिरीपाशी काहीतरी बोलला होता. त्याचं आडनाव मी वाचत नाही. व्यासपीठावरच्या मंडळींनी एकमेकांकडे पाहण्याचं कारण नाही.

हे लोक संत नव्हते. त्यांनी क्वेकर पंथाच्या लोकांचे कान कापले, म्हाताऱ्या बायकांना चेटकिणी म्हणून फासावर दिलं. त्यांची आरती ओवाळायला मी उभी राहिलेली नाही. पण त्यांनी बाईला उभं केलं तर त्या बदल्यात जे द्यायचं कबूल केलं होतं ते दिलं. त्याच दिवशी. सूर्य मावळायच्या आत. तुम्ही त्यांच्याकडून काय घेतलंत? चौथरा घेतलात, चादर घेतलीत, काळा झगा घेतलात, त्यावर ॲपल पाय स्वतःच्या पदरचा घातलात. क्षमा तेवढी घ्यायची राहून गेली. दोनशे बहात्तर वर्षांपूर्वीच्या माणसांपेक्षा कठोर व्हायला, डीकन, फार मेहनत लागते. ती आपण घेतलीत, याबद्दल खुर्ची मिळायलाच हवी.

आता तुमच्या मनात आहे ते मी बोलून टाकते. ही बाई शेवटी त्या पुरुषाचं नाव सांगणार. आत्ताच या सभागृहात तीन जणांनी गळ्यातला टाय सैल केला, मी मोजले. करा घट्ट. मला नाव माहीत नाही. मी तिला विचारलेलं नाही, विचारणार नाही. या गावाने पावणेतीनशे वर्षं हा एकच प्रश्न विचारला, तोही नेहमी, ज्याला स्वतःला उत्तर माहीत असतं त्या पुरुषाला सोडून, बाईलाच. त्या पुरुषाला बोलायचं असेल तर त्याला तोंड आहे. मला काळजी आहे ती जानेवारीत जन्मणाऱ्या माणसाची.

केझाया आज इथे आहे. त्या स्वयंपाकघराच्या दाराशी, राखाडी कोट घालून बसली आहे. मी तिला म्हटलं होतं, येऊ नकोस, कशाला त्रास. ती म्हणाली, "मी उभी राहिले तेव्हा सगळं गाव आलं होतं, बाई. आता डीकन बसणार आहेत, तर मी नको यायला?"

वळून बघायला हरकत नाही. गेल्या महिन्यात तुम्ही तासभर बघत होतातच.

माझंही एक देणं आहे, ते इथेच फेडते. दोन ऑक्टोबरला मी तिला "राहा गं उभी" म्हणाले. तेरा ऑक्टोबरला अकरा वीसला मला ओरडता आलं असतं. माझा आवाज कॉन्व्हेंटच्या प्रार्थनेत तयार झालेला आहे, मैदानाच्या टोकापर्यंत जातो. मी टाके बघत बसले. दोष माझा आहे, तो मी तुमच्यासमोर, तुमच्या रीतीने, उभी राहून मान्य करते. केझाया, तुझ्यासमोर विशेष करून. क्षमा कर असं म्हणत नाही. तुझ्यावर तेवढंही काम टाकायचं नाही मला.

रेव्हरंड, आपला हात वर आहे, की खिडकी उघडायला सांगताय?

वर आहे. बरं. तिकडे ओटिसचाही वर आहे. ओटिस, जपून, टाके ओले आहेत अजून. बालवाडीतल्या आयांचेही. अरे वा. मी आभारी आहे, आणि आता खाली घ्या सगळ्यांनी. जुन्या काळी हात वर झाला की काम झालं. आपल्या काळात हात खाली येतो, आणि सकाळी समितीला विचार करावा लागतो. शब्द दिला होता म्हणजे काय होतं ते आपण पाहिलं. मला कागद हवा.

म्हणून समारंभाची शोभा राखून एक विनंती करते. विनंती म्हणते, कारण मी सभ्य घरातली आहे. समितीने पंधरा ऑक्टोबरचं पत्र मागे घ्यावं. केझाया होल्कम बालवाडीत शिकवत राहील, बाळंतपणाची रजा घेईल, परत येईल, वरची खोली तिची राहील, आणि बाळ त्या खोलीत तिच्याजवळ राहील, असं लिहून द्यावं. खाली डीकन क्रॉवेल यांची सही असावी, कारण शब्द त्यांचा होता. अध्यक्षपद आजपासून सुटलं, ही सबब चालणार नाही. शब्द पदाने नव्हता दिला, तोंडाने दिला होता. तोंड आहे अजून.

आणि कागद आला नाही, तर बावीस नोव्हेंबरला, थँक्सगिव्हिंगच्या सकाळी, प्रार्थना संपवून तुम्ही देवाचे आभार मानून बाहेर पडाल तेव्हा, मी मैदानात उभी असेन. जुन्या वहीच्या नकला मी स्वतःच्या हाताने केल्या आहेत. दोनशे चौदा पानं आहेत. मी पहिल्यापासून वाचेन, स्पष्ट वाचेन, आडनावांसकट. टर्की करपली तर जबाबदारी माझी नाही.

अध्यक्षांनी मला दहा मिनिटं दिली होती, मी किती घेतली ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसतंच आहे. ती सहन केल्याबद्दल त्यांचे, बीन्स करणाऱ्या भगिनींचे, आणि डीकन, आपण मध्ये एकदाही उठून गेला नाहीत याबद्दल आपलेही मनापासून आभार. मी खोटं नाही बोलत, ते सोपं नव्हतं. बोलण्याच्या भरात कुणाचा मान राखायचा राहिला असेल, कुणाला लागलं असेल, तर मोठ्या मनाने पोटात घालावं. आणि ते जमणार नसेल, तर मला बोलवा, म्हणाल तितका वेळ उभी राहीन. माझ्या जागेला, खोलीला किंवा लेकराला त्याने काही होणार नाही. म्हणून तर मला बोलता आलं.

उत्तर माझ्या नावे पाठवू नये. मिस केझाया होल्कम यांच्या नावे, लेखी, सहीनिशी, त्यांच्या हातात. बुधवार, एकवीस नोव्हेंबर, संध्याकाळी पाचच्या आत.